ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो?

भोर-वेल्ह्यातल्या जुन्या माणसांना दवंडी आठवते. सरकारचा हुकूम चौकात ओरडून सांगितला जाई. ऐकणाऱ्याला कोणी काही विचारत नसे. आता हुकूम मोबाइलवर येतो आणि मोबाइल उलट विचारतो, तुम्ही कोण? सिद्ध करा.

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत ई-केवायसी सक्तीची झाली. २१ ते ६५ वयाच्या पात्र महिलांना यात महिन्याला १५०० रुपये मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. म्हणून स्वतःच्या आधारबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपीही मागितला गेला.

शाळा सुटल्यावर आम्ही काही भगिनींची ई-केवायसी करून देत होतो. डोंगराआडच्या वस्तीवर रेंज नाही म्हणून एक खाला एसटीने भोरला आल्या होत्या. त्यांचा स्वतःचा ओटीपी आला. पुढे पतीचा आधार क्रमांक मागितला गेला. तलाक होऊन कैक वर्षे झालेली. “सर, ज्याचं तोंड पाहिलं नाही, त्याच्याकडं आता नंबर मागायला जाऊ?” आमच्याकडे उत्तर नव्हते.

नोव्हेंबरमध्ये शासनाने मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. पती किंवा वडील हयात नसलेल्या आणि घटस्फोटित महिलांनी स्वतःची ई-केवायसी करून मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचे प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश द्यावा, असे ठरले. वाट निघाली, पण ती कागदावरून जाते. आपल्याकडे तलाक आणि खुला पुष्कळदा तोंडीच उरकतात. खालांकडे दाखवायला चिठोरेही नव्हते.

दोष एकट्या सरकारचा नाही. मोबाइल ज्याच्या हाती, त्यालाच सरकार घरचा कारभारी समजते. आणि तो मोबाइल बाईच्या हाती द्यायला आपणच कचरतो.

तेव्हा घराघरांत एवढे करू या. आई-बहिणीच्या नावाचे सिम घ्यावे, तिचाच नंबर आधारला जोडावा. निकाहनाम्याप्रमाणे तलाक-खुल्याचाही लेखी कागद करून तिच्या हाती द्यावा. अनोळखी माणसाला ओटीपी सांगू नये. आणि जिथे रेंज नाही तिथे कागदावर अर्ज घ्यावा, अशी मागणी ग्रामसभेत लावून धरावी.

हक्क बाईचा असेल, तर ओटीपीही तिच्याच मोबाइलवर आला पाहिजे.