पान डिलीट केलं, तरी गुगलवर का दिसतं?

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आर्वीहून एक काका आपल्या तळेगावच्या दुकानात आले आणि मोबाईल पुढे केला. "भाऊ, गुगलवर तर फवारणी पंप जुन्याच भावात दिसून राहिला!" ऑफर कधीच संपली होती. मी मेन्यूतून लिंक काढली होती, पण पान सर्व्हरवर तसंच चालू होतं. काका एवढ्या दूरून आले होते, म्हणून पंप त्याच भावात दिला. चूक माझी, तोटाही माझा.

आता समजून घ्या. गुगलचा बॉट पानावर आला की सर्व्हर त्याला एक आकडा सांगतो:

- २०० : पान चालू आहे
- ३०१ : पान कायमचं नव्या पत्त्यावर गेलं
- ४०४ : पान सापडलं नाही
- ४१० : पान कायमचं काढलं

मग करायचं काय?

१. माल कायमचा बंद केला असेल, तर ४०४ किंवा ४१० द्या. दोन्ही चालतात. बॉट पुन्हा येऊन गेला की पान हळूहळू गुगलमधून निघतं.

२. त्याच मालाचं नवीन मॉडेल आलं असेल, तर जुन्या पानावरून नव्या पानावर ३०१ लावा.

३. माल हंगामी असेल, जसं आपल्याकडची संत्री, तर पान काढूच नका. "सध्या स्टॉक संपला" एवढं लिहा.

या तीन चुका टाळा

- सगळी बंद पानं होमपेजवर वळवू नका. गुगल त्याला 'सॉफ्ट ४०४' समजू शकतं.
- पानावर "माफ करा, सापडलं नाही" आणि आकडा मात्र २००, असं नको. शटर बंद आणि बोर्ड 'चालू आहे', असा प्रकार होतो.
- काढलेलं पान रोबोट्स फाइलमध्ये ब्लॉक करू नका. गेटलाच कुलूप लावलं, तर आत दुकान रिकामं झालं हे बॉटला कळणार कसं?

फारच घाई असेल, तर सर्च कन्सोलमधलं 'रिमूव्हल्स' वापरा. पण त्यानं पान फक्त सुमारे ६ महिने लपतं. तेवढ्यात ४०४ किंवा ४१० लावावंच लागतं. साइटमॅपमधूनही तो पत्ता काढा.

आज रात्री दुकान वाढवल्यावर स्वतःच्या दुकानाचं नाव गुगलवर टाकून बघा. जुना भाव दिसला, तर गिऱ्हाईक दारात येण्याआधी दुरुस्त करा!