चाकामागचा हिशेब (भाग ६) : टायर वाढवला की बदलते काय?

टायरच्या कडेवरचे आकडे कसे वाचायचे ते गेल्या आठवड्यात पाहिले. आज त्याच आकड्यांच्या आधारे एका प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे. कोल्हापूर जिल्ह्यात बोलेरो, स्कॉर्पिओ किंवा थार घेतली की पहिल्या काही महिन्यांतच मूळ टायर काढून मोठे टायर घालण्याचा विषय निघतो. कारणेही खरी असतात. उसाच्या ट्रॉल्यांनी खोल चाकोऱ्या पाडलेली पाणंद, गगनबावड्याचा पाऊस, राधानगरी-दाजीपूरकडचे दगडी रस्ते. पण मोठ्या टायरकडून आपल्याला जे हवे असते, त्यातले बहुतेक टायरच्या नक्षीतून, दर्जातून आणि हवेच्या दाबातून मिळते. मापातून मिळते ते फार थोडे, आणि त्याची किंमत घाटात मोजावी लागते.

बोलेरोचेच उदाहरण घेऊ. तिचा टायर २१५/७५ आर १५, म्हणजे उंची साधारण ७०४ मिलिमीटर. त्याच डिस्कवर २३५/७५ बसवला तर उंची ७३४ होते. तीस मिलिमीटरची वाढ डोळ्यांना भरपूर दिसते, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, १५ मिलिमीटर. मूळ टायरचा एक फेरा झाला की गाडी २२१ सेंटिमीटर पुढे जाते, नव्याचा झाला की २३० सेंटिमीटर. ही सव्वाचार टक्क्यांची तफावत इथून पुढे सगळीकडे उतरते. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ ने धावत असते. कंपन्या काटा मुळातच थोडा पुढे ठेवतात, त्यामुळे दोन-तीन टक्क्यांचा फरक त्यात जिरून जातो, हा युक्तिवाद बरोबर आहे. पण हौस इथे थांबत नाही. पुढची पायरी ३१ इंची टायरची असते. तिथे फरक बारा टक्क्यांवर जातो आणि काट्यावरच्या ८० ला खरा वेग जवळपास ९० असतो.

काट्याची चूक डोक्यात धरून गाडी चालवता येते, ओढीचे आणि ब्रेकचे तसे नाही. इंजिन आणि गिअर तेच राहतात, त्रिज्या तेवढी वाढते, म्हणून चाकाने रस्त्याला दिलेला रेटा त्याच प्रमाणात घटतो. पाच माणसे आणि सामान घेऊन आंबा घाट चढताना तिसऱ्यावर निघणारे वळण दुसऱ्यावर घ्यावे लागते, क्लचवर ताण येतो, अ‍ॅव्हरेज उतरते. उतारावरची गोष्ट जास्त गंभीर आहे. करूळ घाटातून वैभववाडीकडे उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवते. टायर मोठा झाला की ही पकड सैल होते आणि उरलेला भार ब्रेकवर येतो. तिथेही पॅडलवर तेवढाच पाय दिला तर रस्त्यावर लागणारा जोर आधीपेक्षा कमी असतो, शिवाय चाक जड झाल्याने थांबवायचे वजन वाढलेले असते. ब्रेक तापायला सुरुवात होते ती इथून. बेअरिंग, बॉल जॉइंट आणि टाय रॉड हे सगळे मूळ चाकाचे वजन धरून बनवलेले असतात, त्यामुळे तेही लवकर ढिले होतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत गाड्यांचे सुटे भाग ओतणाऱ्या आणि घासणाऱ्या कामगाराला माप चुकलेला भाग परत येतो हे सांगावे लागत नाही. त्याच भागात चाकाच्या मापाबाबत एवढी ढिलाई चालावी, हे मला खटकते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. नुसती स्प्रिंग उंच केली तर बॉडी वर जाते, मागच्या अ‍ॅक्सलचे हौसिंग जिथल्या तिथे राहते. हौसिंग वर उचलायचे तर टायरच वाढवावा लागतो. हे खरे आहे. चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला हौसिंग घासत असेल तर १५ मिलिमीटरही कामी येतात. पण चिखलात गाडी अडकते ती बहुधा नक्षीत माती भरून टायर गुळगुळीत झाल्यामुळे. त्यावर इलाज म्हणजे मूळ मापातलाच, रुंद खाचांचा ऑल-टेरेन टायर, आणि चिखलापुरती थोडी कमी केलेली हवा. पुराच्या पाण्यातून जायला मोठा टायर हवा, हे कारण तर मुळीच टिकत नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर गेली आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद करावा लागला. दोन फूट वाहते पाणी मोठी गाडीही ढकलत नेऊ शकते. रुंद, जास्त हवेचा टायर तशा पाण्यात उलट तरंगायला मदत करतो.

आइसलँडमध्ये ३८ इंची टायरच्या गाड्या रस्त्यावर फिरतात, मग आपल्याकडेच अडचण कसली, असेही विचारले जाते. तिथे काम करणारे अ‍ॅक्सलचे गिअर बदलतात, चाकाच्या कमानी कापून रुंद करतात, स्पीडोमीटर नव्याने जुळवतात. टायर हा त्या कामाचा शेवटचा भाग असतो. आपल्याकडे पहिला आणि बहुधा एकमेव. महिंद्राने थारला दोन मापे दिली, २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८. डिस्क दोन इंचांनी मोठी, पण बाहेरची उंची जेमतेम दोन टक्क्यांनी वेगळी. एवढी मर्यादा कंपनी स्वतः पाळते.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्हींची तरतूद आहे.

ज्यांच्या गाडीला मोठे टायर आधीच बसले आहेत त्यांनी आज एवढे करावे. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकवर बोट फिरवावे. तिथे घासून चकाकणारी रेघ सापडली तर खड्ड्यात स्प्रिंग दबल्यावर टायर तिथेच कापला जाणार. स्टेपनीचे मापही बघावे. चार टायर नवे आणि स्टेपनी जुन्या मापाची असेल, तर फोर-व्हील लावताना ती चाकाला ठेवू नये, ट्रान्सफर केस आणि गिअर ताण घेतात. आणि नवे टायर घ्यायला निघालेल्यांनी दुकानात शिरण्याआधी ड्रायव्हरच्या दाराजवळचा कंपनीचा स्टिकर वाचावा. माप, दाब, सगळे तिथे छापलेले असते. त्यातल्या दाबाच्या आकड्याबद्दल पुढच्या आठवड्यात.