जिथे फटफटीला मज्जाव नाही

नागपूरच्या वेशीवर, शिवमडक्याला समृद्धी महामार्ग सुरू होतो आणि ७०१ किलोमीटर पळून मुंबईच्या दारात थांबतो. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, शेवटचा ५ जून २०२५ ला. सपाटीवर ताशी १२० किलोमीटरची मुभा, वाटेत ना सिग्नल, ना गाव, ना आडवी येणारी म्हैस. दुचाकीवाल्याने मात्र हा रस्ता पुलावर उभं राहून बघायचा. दुचाकी आणि तीनचाकीला त्यावर बंदी आहे. नव्या बुलेटचे हप्ते भरणाऱ्या तरुणाला हे खुपतं. विदर्भातला सर्वात गाजलेला रस्ता घरापासून पंधरा-वीस किलोमीटरवर, आणि त्याच्यासाठी नाही!

पण दसऱ्या-दिवाळीच्या सुट्यांत समृद्धीवाचून कुणाचं अडत नाही. हे शहर देशातल्या दोन मोठ्या हमरस्त्यांच्या चौफुलीवर बसलंय. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग इथूनच जातो आणि पूर्व-पश्चिम जाणारा ५३ क्रमांकाचाही. नंबर बदलून बरीच वर्षं झाली, तरी जुनी मंडळी अजून ‘सात नंबर’ आणि ‘सहा नंबर’च म्हणतात. सिव्हिल लाइन्सच्या कडेला झिरो माइलचा १९०७ सालचा सर्वेक्षणाचा दगड आहे. त्याच्याजवळच्या षटकोनी खांबावर मैलांचे आकडे कोरलेत: शिवनी ७९, छिंदवाडा ८३, जबलपूर १७०. किलोमीटरमध्ये मांडले तर १२७, १३४ आणि २७४. मधल्या काळात रस्ते रुंद झाले, उड्डाणपूल आले, पण आजही गाडी काढताना मनात साधारण हेच आकडे धरावे लागतात.

इथला पावसाळा ऑक्टोबरच्या सुरुवातीला आवरतो. मग चार-सहा आठवडे असे मिळतात की सकाळी हवेत गारवा असतो, धूळ अजून उठलेली नसते आणि तळी काठोकाठ भरलेली असतात. दुपारचं मात्र काही खरं नाही. ‘ऑक्टोबर हीट’ हे इंग्रजी नाव नागपुरात सगळ्यांच्या तोंडी आहे, ते उगाच नाही. दुपारी जाकिटाच्या आत माणूस शिजतो. ऑक्टोबरच्या मध्याला इथे सूर्य सव्वासहाच्या आत उगवतो आणि पावणेसहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे फिरायला खरी वेळ सकाळी चार तास आणि संध्याकाळी दोन. तर्री पोह्याची पहिली प्लेट उजाडता उजाडता संपवावी आणि निघावं.

त्याआधी गाडीची आंघोळ. खंडेनवमीला आणि दसऱ्याला गल्लोगल्ली बादल्या निघतात. चार महिन्यांचा चिखल मडगार्डच्या आतून खरवडला जातो, हँडलला झेंडूची माळ, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. या धुण्यात भक्तीइतकाच शहाणपणा आहे. पावसाळ्यात चेनवरचं तेल धुऊन गेलेलं असतं, ब्रेकच्या ड्रममध्ये गाळ बसलेला असतो आणि क्लचची वायर आतून गंजलेली असते. ते दिसतं ते याच दिवशी. मात्र फिरायला जायचं ते शक्यतो दसऱ्याला नव्हे, दुसऱ्या दिवशी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून दरवर्षी दीक्षाभूमीवर लाखोंचा मेळा भरतो. त्या दिवशी रस्त्यांवर पहिला हक्क पायी चालणाऱ्यांचा. शिवाय दसऱ्याला पंक्चरवालाही दुकान बंद करून घरी असतो, हे ट्यूबच्या टायरची जुनी गाडी घेऊन निघणाऱ्याला हमखास भर रस्त्यात कळतं.

जायचं कुठे? नागपूरकर दुचाकीस्वाराचं पहिलं उत्तर बहुधा रामटेक असतं. पन्नासेक किलोमीटर. गाडी नवी असो की आजोबांची राजदूत, चालवणारा शिकाऊ असला तरी सगळ्यांना झेपणारं.

शहरातून बाहेर पडताना कामठी रोडवर एक अजब बांधकाम लागतं. साडेपाच किलोमीटरहून लांब असलेला हा दुमजली पूल २०२४ च्या ऑक्टोबरात खुला झाला. गड्डीगोदामला तर चार थर एकावर एक आहेत. खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो. पुलावरून गाडी सुसाट जाते, पण उतरलं की कामठीची छावणी, कन्हान नदी आणि मागे दूरवर औष्णिक वीज केंद्रांच्या चिमण्या. कन्हान ओलांडली की हवा बदलते. हे कवीचं म्हणणं नव्हे. हेल्मेटची काच वर केली की नाकाला कळतं. पूर्वेकडे हा धानाचा मुलूख सुरू होतो. बांध्यांमध्ये अजून पाणी असतं, हलका धान निसवून पिवळा पडू लागलेला, भारी धान अजून हिरवा. एकाच शेतात दोन रंग. चारचाकीच्या बंद काचांतून ते फक्त दिसतात. दुचाकीवर ओल्या मातीचा आणि धानाचा वास आधी येतो, शेत मागाहून दिसतं.

वेगाचं गणित इथे सोपं आहे. वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी साठ किलोमीटरला छातीवर जेवढा वारा बसतो, त्याच्या पावणेतीनपट शंभरला. शंभरने जाणारा माणूस अर्ध्या तासात वाऱ्याशी झुंजून दमतो आणि त्याला आठवतो तो फक्त रस्ता. साठच्या खाली जाणाऱ्याला शेंगा विकणारी आजी आठवते.

मनसरला उजवीकडे वळायचं. मनसर म्हणजे मँगनीजच्या खाणी, आणि शेजारच्या टेकडीवर उत्खननात निघालेले वाकाटक काळातले विटांचे भव्य अवशेष. तिथे थांबणारे थोडे. बहुतेकांची नजर एव्हाना समोर दिसणाऱ्या गडावर लागलेली असते.

रामटेक म्हटलं की कालिदास आणि कालिदास म्हटलं की आषाढ, हे समीकरण मराठी शाळांनी इतकं घोटून घेतलंय की पावसाळ्यात इथे छत्र्यांची आणि रेनकोटांची गर्दी होते. ‘मेघदूता’तला शापित यक्ष जिथे राहिला, तो रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असं नागपूरचे संस्कृत पंडित वा. वि. मिराशी यांनी साधार मांडलं. छत्तीसगडातल्या रामगढचाही दावा आहे, तो वाद अभ्यासकांचा. पण आषाढाच्या गजरात एक गोष्ट सहसा विसरली जाते. यक्षाची शिक्षा वर्षभराची होती आणि आषाढात ढग दिसला तेव्हा तिचे चार महिने उरले होते. ती संपणार होती विष्णू शेषशय्येवरून उठेल तेव्हा, म्हणजे कार्तिकातल्या प्रबोधिनी एकादशीला. आणि मग शरदाच्या चांदण्यात आपण पुन्हा भेटू, असा निरोप त्याने ढगाबरोबर धाडला. म्हणजे आषाढ हा या काव्यातला ताटातुटीचा महिना. घरी जायचा ऋतू शरद! आषाढात भिजत, घसरत गड चढणाऱ्यांनी जरा मागाहून यावं, असं खुद्द यक्षानेच सुचवल्यासारखं आहे.

गडावर डांबरी रस्ता जातो, पण अंबाळा तलावाच्या बाजूने पायऱ्यांनी चढण्यात निराळी मजा. वर नागपूरकर भोसल्यांनी जीर्णोद्धार केलेलं राममंदिर, त्याहून जुनी नरसिंहाची देवळं आणि एक दगडी वराह. वराहाच्या पोटाखालून सरपटत पार होणाऱ्याच्या गाठी पुण्य असतं, अशी समजूत आहे. जाकीट, गुडघ्याचे गार्ड आणि पाठीवर सॅक घेऊन आलेल्या रायडरची पुण्याई तिथे अडकते. सॅक काढल्यावर पुष्कळदा सुटते. वानरांपासून सांभाळायचं ते हातमोज्यांना. आरशावर अडकवून ठेवले तर परत आल्यावर एकच सापडतो.

कोजागिरीला इथून जवळच्या खिंडसी तलावाकडे दुचाक्यांचे जथे निघतात. पातेलं, दूध, मसाला आणि गॅसची छोटी शेगडी, हे सगळं दोन गाड्यांवर कसं बसतं हे बघण्यासारखं असतं. चांदणं मात्र रस्त्यावरचा खड्डा दाखवत नाही. रात्री परतताना पुढच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नसतो, हे गृहीत धरूनच गाडी चालवावी लागते.

ज्यांना रामटेक अपुरं वाटतं ते मनसरहून सरळ पुढे पेंचकडे जातात. दुचाकी व्याघ्रप्रकल्पात शिरू शकत नाही. १ ऑक्टोबरला पावसाळ्यानंतर फाटकं उघडतात ती जिप्सीवाल्यांसाठी. पण रस्ताच इथे पाहण्याजोगा आहे. महामार्ग चौपदरी करताना वाघांच्या येण्याजाण्याची वाट तुटणार होती, म्हणून गाड्या वरून आणि जनावरं खालून अशी सोय केली गेली. महाराष्ट्राच्या हद्दीतल्या जंगलपट्ट्यात असे नऊ पूल आणि अंडरपास आहेत, त्यातला सर्वात लांब ७५० मीटरचा. खाली लावलेल्या कॅमेऱ्यांत डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांना अठरा जातींचे वन्यप्राणी टिपता आले, त्यात वाघही होता. वरून जाणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. पुलावर मध्येच गाडी लावून खाली डोकावणारे हौशी असतात; ती हौस धोक्याची आहे आणि मागून येणारा ट्रकवाला ती चढ्या आवाजात सांगूनही जातो.

बाकीच्या दिशाही वाईट नाहीत. काटोल रोडने गेलं तर संत्र्याच्या बागा लागतात. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबरात अजून हिरवीपिवळी असतात. रंग भरायला थंडी लागते, पण चव त्याआधीच आलेली असते. २ ऑक्टोबरची सुटी असेल तर सेवाग्राम, पाऊणशे किलोमीटर. गांधीजी वर्ध्याला आले ते जमनालाल बजाजांच्या आग्रहाने, आणि १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला गेले. पुढे त्याच बजाज कुटुंबाच्या कारखान्यांतून निघालेल्या मोटारसायकली आज आश्रमाच्या बाहेर ओळीने उभ्या असतात, ही बापूंना न सुचलेली गोष्ट. येताना वर्ध्याहून गोरसपाकाचा पुडा घ्यायचा. तुपातलं ते खुसखुशीत बिस्कीट सॅकच्या तळाशी गेलं की घरी चुराच पोचतो, तरी घ्यायचा.

या दोन्ही वाटांवर ऑक्टोबरात सोयाबीन असतं. शेतात, गंजीत, थ्रेशरमध्ये आणि रस्त्यावरसुद्धा. शेतकऱ्याजवळ खळं नाही आणि डांबर दुपारी छान तापतं, म्हणून अर्ध्या रस्त्यावर दाणे पसरलेले, कडेने दगडांची रांग. शेतकऱ्याच्या जागी उभं राहिलं तर त्यात वावगं वाटत नाही. दुचाकीच्या चाकाखाली मात्र तो दाणा छऱ्यासारखा फिरतो. कुटारावर तर चाक तेलावरून गेल्यासारखं निसटतं. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या मोटारसायकलींना एबीएस सक्तीचं झालं. त्याने चाक लॉक होत नाही, पण जिथे टायरला धरायलाच काही नाही तिथे तेही काय करणार? पुढचा ब्रेक न दाबता, हँडल सरळ ठेवून, गिअर खाली आणत दाण्यांच्या कडेने निघायचं. वळणावर दाणे दिसले तर वळणाआधीच वेग उतरवायचा.

राहिलं हेल्मेट. नागपुरात ते कोपरात अडकवून फिरवण्याची प्रथा आहे. कोपर त्यामुळे फार सुरक्षित राहतं. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेले पन्नास हजारांवर होते, आणि त्यात १४,३३७ मागे बसलेले. सहलीला निघताना पुढच्याच्या डोक्यावर चांगलं हेल्मेट आणि मागे बसलेल्या बायकोच्या डोक्यावर ओढणी, हे दृश्य सुटीच्या दिवशी प्रत्येक नाक्यावर दिसतं. कायदा दोघांनाही सारखाच लागू आहे. हेल्मेटवर आयएसआयची खूण आणि ४१५१ हा मानक क्रमांक बघून घ्यावा. रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेल्या टोप्या दगडापासून नव्हे, पोलिसापासून वाचवतात.

रामटेकहून परतताना उन्हं उतरलेली असतात. तळ्यातून काढून उकडलेले काळे शिंगाडे आणि टोपलीत पानांवर मांडलेली सीताफळं घेऊन बाया रस्त्याच्या कडेला बसलेल्या असतात. सीताफळ डोळे उघडलेलं, म्हणजे खवल्यांमधल्या रेषा पांढऱ्या झालेलं घ्यावं, पण अगदी पिकलेलं नको, असं त्या स्वतःच सांगतात. कुणी ऐकत नाही. पिशवी हँडलला लटकते, कन्हानच्या पुलापर्यंत झोके खाते, आणि कामठी रोडच्या पहिल्या स्पीडब्रेकरला आतली दोन फळं फुटतात. घरी पोचेस्तोवर गर टाकीवरून ओघळून इंजिनावर करपलेला असतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा बादली निघते. झेंडूची फुलं एव्हाना वाळून गळून गेलेली, हँडलला नुसता दोरा उरलेला असतो.