बुर्जच्या पायथ्याशी इफ्तार

दुबईत रोजा सोडण्याची वेळ एकाच इमारतीत तीन वेगवेगळ्या असू शकतात. बुर्ज खलिफा 828 मीटर उंच. खाली सूर्य मावळला तरी वरच्या मजल्यांवरून तो दिसतच असतो. म्हणून 2011 साली तिथल्या मुफ्तींनी सांगितले, की 80व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटे उशिरा सोडावा, 150व्याच्या वरच्यांनी तीन मिनिटे. खाली रस्त्यावर खजूर तोंडात गेलेला असतो, वरचा अजून घड्याळ पाहतो. श्रीमंताच्या वाट्याला तेवढीच काय ती जास्त तहान!

एरवी सारे उलटेच. 124व्या मजल्यावरच्या गॅलरीला तिकीट, आणि सूर्यास्ताच्या वेळी ते आणखी महाग. पायथ्याशी मात्र कारंजी गाण्यांवर फुकट नाचतात. पाहणाऱ्यांत पर्यटक असतात, तसे दिवसभर उन्हात राबलेले रोजेदारही. दिवसा हॉटेलांनी पडदे लावावेत ही सक्ती 2021 मध्ये उठली. रोजा नसलेला पाहुणा उघडपणे जेवतो, कुणाचा रोजा त्याने बिघडत नाही.

कोकणातून गेलेल्या कामगाराची खरी चैन खाडीवर. ‘अब्रा’ म्हणजे लाकडी होडी; माणशी एक दिरहम दिला की बर दुबईहून देरा. इफ्तारनंतर वाऱ्यात बसून तो घरी फोन लावतो. रत्नागिरीचे घड्याळ दीड तास पुढे. अब्बा तरावीहला निघालेले असतात, अम्मी विचारते, “जेवलास का रे?”