मोटार 'पिकअप' घेत नाहीं तेव्हां

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका स्नेह्यांची मोटार सिग्नलपाशीं उभी राहिली, कीं थरथरूं लागे. हिरवा दिवा लागून अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तरी क्षणभर कांहींच होऊं नये आणि मग एकदम धक्का बसून गाडी पुढें जावी. कात्रजच्या घाटांत मागून मालमोटारी येत असतां ती एकदां बंदच पडली. मागच्या आसनावर दोन मुलें व वृद्ध मातोश्री बसलेल्या! दुसऱ्या दिवशीं ते गाडी घेऊन एका गॅरेजांत गेले. तेथील मिस्त्रींनीं बॉनेट पुरतें उघडण्यापूर्वींच निदान केलें, कीं सबंध थ्रॉटल बॉडी बदलावी लागेल. खर्चाचा आंकडा ऐकून स्नेह्यांनीं दोन दिवसांची मुदत मागितली, हें फार बरें केलें.

अ‍ॅक्सिलरेटर दाबणें म्हणजे पेट्रोल सोडणें, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक त्यानें हवेची वाट उघडते. एक भाग पेट्रोल पुरतें जळावयास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. त्या हवेच्या मार्गांत थ्रॉटल नांवाची एक वाटोळी चकती असते. हवा किती आली हें सेन्सर पाहतात आणि त्या मानानें गाडींतील संगणक पेट्रोल सोडतो. पाय काढला म्हणजे चकती जवळजवळ मिटते. कडेच्या बारीक फटींतून जाणाऱ्या हवेवर एंजिन मिनिटाला सुमारें ६५० ते ८५० फेरे घेत मंद चालूं राहतें. यासच आयडलिंग म्हणतात. (कांहीं जुन्या गाड्यांत या हवेसाठीं निराळी वाट व निराळी झडप असते.) फटीवर काजळी धरली, किंवा चकतीच्या पलीकडून चोरटी हवा आंत शिरूं लागली, कीं हा नाजूक तोल बिघडतो. भर वेगांत मात्र तोच दोष झांकून जातो. मोठ्या प्रवाहांत एवढीशी हवा ती किती!

मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ अखेर निरोप घेतलेल्या पद्मिनी टॅक्सींच्या काळीं कार्बुरेटरचा एक स्क्रू पिळून आयडलिंग ठीक करीत. आतां तसा स्क्रू बहुधा उरला नाहीं, पण प्रथम रोग्यास प्रश्न विचारावे हा वैद्याचा नियम येथेंही लागू आहे. एंजिनाचा आवाज चढतो पण गाडी मात्र वेग घेत नाहीं, असें असेल तर दोष क्लचकडे पाहावा. आवाजच चढत नसेल तर पुढील तपास. त्रास गार एंजिनावर होतो कीं तापल्यावर? एअर कंडिशनर लावल्यावरच होतो काय? पायाखालची रबरी चटई पेडलखालीं तर गेली नाहीं ना? हा प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण तो अवश्य विचारावा. मग एअर फिल्टरची पेटी उघडून पाहावी.

आमच्या स्नेह्यांच्या त्या पेटींत वाळलेलें गवत व कागदाचे कपटे सांपडले. उंदीर! तेव्हां एंजिन चालू करून कान देतां मागील अंगास बारीक फूत्कार ऐकूं आला. तेथील एक नळी चिमटींत धरून दाबतांच फूत्कार थांबला आणि एंजिन सांवरलें. बोटाएवढ्या जाडीची ती रबरी नळी कुरतडलेली होती. हें करतांना पदर, बाह्या व हात पट्ट्यापासून व पंख्यापासून दूर ठेवावे; पंखा केव्हांही एकाएकीं सुरू होतो. फट शोधण्यासाठीं तापल्या एंजिनावर पेट्रोल शिंपडणारे लोक आहेत. त्यांचें अनुकरण करूं नये. ब्रेकला साहाय्य करणारी नळीही पुष्कळ गाड्यांत याच हवेच्या ओढीवर अवलंबून असते. ती फुटल्यास ब्रेकचें पेडल जड होतें; अशी गाडी रस्त्यावर नेऊंच नये.

आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून मोटारींना ओबीडी-२ ही स्वयंनिदानाची योजना सक्तीची झाली. तिच्या खांचेंत लहानसें यंत्र बसविलें, कीं संगणक नेहमींपेक्षां किती टक्के पेट्रोल अधिक घालीत आहे तें मोबाइलवर दिसतें. या गाडींत हा आंकडा आयडलिंगला २० च्या वर होता. फेरे २५०० वर नेतांच तो ४ वर आला. हें चोरट्या हवेचें लक्षण. उलट, भार वाढेल तसा आंकडाही वाढत गेला असता, तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर यांचा संशय घ्यावा लागला असता. ज्या गाड्यांत हवेचें वजन न मोजतां केवळ दाब मोजतात, त्यांत मात्र अशा फटीनें आयडलिंग बहुधा चढतें.

काजळीच असेल तर थ्रॉटल बॉडीसाठीं मिळणारा द्रव फडक्यावर घेऊन, इग्निशन बंद ठेवून ती पुसावी. चकती बोटानें रेटूं नये. तिच्या मोटरचे दाते नाजूक असतात. स्वच्छतेनंतर आयडलिंग कांहीं काळ चढलेलें राहतें, कारण संगणकास जुन्या काजळीची संवय झालेली असते. कांहीं गाड्यांत तें यंत्रानें पूर्ववत् करून घ्यावें लागतें. आणि पेडलला जोडून 'पिकअप वाढविणारी' जीं उपकरणें विकावयास येतात, तीं पेडलचा संदेश फुगवून सांगतात इतकेंच. एंजिनाची शक्ति त्यानें रतीभरही वाढत नाहीं.

नवी नळी थ्रॉटल बॉडीच्या मानानें अगदीं किरकोळ खर्चांत आली. मातोश्री पुन्हां त्याच गाडीनें घाट चढून आल्या. उंदराचा बंदोबस्त मात्र अद्याप व्हावयाचा आहे.