गाडी लागत नव्हती, गाडीच बिघडली होती

“हिला गाडी लागते,” हे वाक्य आमच्या घरात अगदी रुळलं होतं. बेळगावहून सावंतवाडीला माझ्या माहेरी निघायचं म्हटलं की कपड्यांच्या आधी लिंबू, आल्याचा तुकडा आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या भरायच्या. आंबोलीचा घाट उतरताना धाकटी लेक मागच्या सीटवर मलूल होऊन पडायची. वळणंच तशी, त्यात नवल ते काय, असं आम्ही समजत होतो.

शंका आली ती एका मे महिन्यात. परतताना आईने नारळ, फणस, आमसुलं असं इतकं सामान दिलं की डिकी बंद होईना. ह्यांनी ती सुतळीने बांधली आणि आम्ही निघालो. मागे सासूबाई आणि लेक. गाडीत धुराचा उग्र वास येत होता. पुढच्या ट्रकचा असेल, असं म्हणून आम्ही काचा बंद करून एसी लावला. घाट चढून सरळ रस्त्याला लागलो, तरी लेकीची मळमळ थांबेना. त्यात सासूबाई म्हणाल्या, “तली भाळ नोयाकत्तैति.” त्यांचं माहेर गोकाकचं. जन्मभर बसच्या शेवटच्या बाकावर बसून प्रवास केला, पण त्यांना कधी गाडी लागली नाही!

चहाला थांबलो तर मोकळ्या हवेत दोघींना बरं वाटलं. पुन्हा बसलो, पुन्हा तेच. मग मी मागे जाऊन बसले. थोड्याच वेळात माझंही डोकं ठणकू लागलं. पुढे बसलेले हे मात्र ठणठणीत. सगळ्या काचा उघडून हळूहळू घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी उद्यमबागेतल्या आमच्या नेहमीच्या मेस्त्रींना बोलावलं. “इंजिन थंड असतानाच बघायचं,” असं त्यांनी आधीच बजावलं होतं. तापल्यावर लोखंड फुगतं, बारीक फटी मिटतात आणि गळती सापडत नाही. गाडी सुरू करून त्यांनी ओल्या जाड फडक्याने सायलेन्सरचं तोंड क्षणभर दाबलं. लगेच गाडीखालून ‘फुस्स’ असा आवाज आला. मागच्या सायलेन्सरच्या जोडावर पाईप गंजून भोक पडलं होतं आणि भोवती काळी काजळी धरली होती.

मग त्यांनी वर्तमानपत्राचा कागद डिकीच्या कडेला धरून डिकी लावली आणि कागद ओढला. तो अलगद निघून आला. रबर कडक होऊन चिरलं होतं. “होगी ओळग बराकत्तैति नोडरी,” मेस्त्री म्हणाले. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे धूर तिथेच घुटमळतो आणि फट मिळाली की आत ओढला जातो. आम्ही तर डिकी सुतळीने बांधून त्याला दारच उघडून दिलं होतं!

“अहो, पण पीयूसी ताजं आहे,” हे म्हणाले. मेस्त्री हसले. पीयूसीची नळी सायलेन्सरच्या तोंडात घालतात. गाडीत धूर शिरतो की नाही, हे त्यातून कळत नाही.

गंजलेला पाईप बदलला, जोडाला नवं पॅकिंग आणि क्लॅम्प बसवला, डिकीचं रबर नवं टाकलं. दुपारपर्यंत काम झालं.

ओळखीच्या डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा मात्र पोटात गोळा आला. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला स्वतःचा रंगही नसतो आणि वासही नसतो. आपल्याला येतो तो धुरातल्या इतर वायूंचा वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. पुढे शुद्ध हरपते, जीवही जातो. आम्ही मात्र लेक पेंगायला लागली की ‘झोपली, बरं झालं’ म्हणत होतो.

म्हणून वाचक भगिनींनो, गाडीतल्या वासाकडे दुर्लक्ष करू नका. कच्च्या पेट्रोलचा वास आला तर इंधनाची गळती असू शकते. तेव्हा गाडी चालवूच नका. चढ चढून थांबल्यावर जळक्या ऑईलचा वास आला तर टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून ऑईल गरम भागावर ठिबकत असेल. गोडसर वास आला तर रेडिएटरचं कूलंट तपासून घ्या. आणि धुराचा वास येऊन एकाहून अधिक जणांचं डोकं दुखू लागलं, बाहेर उतरल्यावर बरं वाटलं, तर गाडी लागली असं म्हणू नका. काचा उघडा, गाडी बाजूला घ्या, सगळ्यांना खाली उतरवा. कोणी गुंगत असेल तर थेट दवाखाना गाठा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका. डिकी अर्धी उघडी ठेवून तर प्रवास मुळीच नको. फणस पुढच्या खेपेला आणता येतो.

त्यानंतर आम्ही पुन्हा सावंतवाडीला गेलो. लिंबू आणि पिशव्या सवयीने घेतल्या होत्या. आंबोलीत गाडी थांबवली तेव्हा लेक आजीचा हात ओढत सगळ्यांच्या आधी भज्यांच्या गाडीकडे पळाली. लिंबू तसंच्या तसं आईकडे पोचलं. तिने त्याचं सरबत केलं.