क्षयरोगाच्या संशोधनावरील खर्च : कशासाठी आणि कोणाच्या पैशाने?

देणगीचा धनादेश देताना अनेक हितचिंतक आवर्जून सांगतात, "आमचा पैसा रुग्णाच्या औषधपाण्यालाच लागला पाहिजे." ही अपेक्षा रास्त आहे. खाटा, औषधे, रुग्णांचे जेवण, रुग्णवाहिका यांवरील खर्च डोळ्यांना दिसतो, मोजता येतो आणि त्याचे फळ बहुधा त्याच वर्षी पदरात पडते. संशोधनाच्या खर्चाचे तसे नाही. तो आज होतो आणि त्याचा उपयोग दहा-पंधरा वर्षांनी, तोही कुठल्यातरी दुसऱ्याच गावातील रुग्णाला होतो. त्यामुळे संशोधन हे सरकारचे, परदेशी संस्थांचे किंवा मोठ्या शहरांचे काम आहे, अशी आपली समजूत झालेली असते. क्षयरोग आणि एचआयव्ही यांच्या संदर्भात ही समजूत कितपत बरोबर आहे, हे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर मांडण्याचा येथे प्रयत्न केला आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकशास्त्राचा नसून वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे विषयाची मांडणी हिशेब ठेवणाऱ्याच्या दृष्टीने झाली असल्यास वाचकांनी ती गोड मानून घ्यावी.

रोग आपल्या दारचा

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगात सुमारे साडेबारा लाख माणसे क्षयरोगाने दगावली. त्यांपैकी १ लाख ६१ हजार जणांना एचआयव्हीची बाधा होती. जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी २६ टक्के रुग्ण त्या वर्षी भारतात होते. एवढा मोठा भार वाहणाऱ्या देशातील आपला वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ९७ हजार होती, आणि २०१८ मध्ये केंद्र शासनाने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील जे चार जिल्हे आले, त्यांत वाशिमचे नाव होते.

सोयाबीन व तुरीचा हंगाम सरला की आपल्याकडील अनेक कुटुंबे पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईकडे किंवा ऊसतोडीला जातात. दाटीवाटीच्या, हवा न खेळणाऱ्या खोल्यांत राहणे, अपुरे अन्न आणि दुखणे अंगावर काढणे, या तिन्ही गोष्टी क्षयरोगाला अनुकूल असतात. पुण्यातील प्रयोगशाळेत काय चालले आहे याच्याशी वाशिमच्या माणसाचा काहीच संबंध नाही, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

एकाच जंतूचे वेगवेगळे परिणाम

क्षयरोगाचा जंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरतो. तेथील भक्षक पेशी त्याला गिळतात, परंतु तो सहजासहजी मरत नाही. तेव्हा रक्तातील 'टी' पेशी मदतीला येतात, इंटरफेरॉन गॅमा नावाचा रासायनिक संदेश पाठवून भक्षक पेशींना बळ देतात आणि जंतूभोवती पेशींची एक गाठ तयार होऊन तो आत कोंडला जातो. अशा कोंडलेल्या अवस्थेला सुप्त क्षयसंसर्ग म्हणतात. तो असलेला माणूस आजारी नसतो आणि इतरांना रोग देत नाही. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकसंख्येला असा संसर्ग होऊन गेला असावा, असा अंदाज आहे.

एचआयव्ही नसलेल्या शंभर बाधित माणसांपैकी आयुष्यभरात पाच ते दहा जणांनाच प्रत्यक्ष रोग होतो. एचआयव्ही असलेल्या आणि उपचार न घेणाऱ्या माणसांच्या बाबतीत शंभरातील सुमारे दहा जणांना एकेका वर्षात रोग होऊ शकतो. ज्या 'टी' पेशी जंतूला कोंडून ठेवतात, त्यांतील सीडी-४ या प्रकारच्या पेशींचाच हा विषाणू नाश करतो, हे त्याचे मुख्य कारण होय.

मग उरलेल्या नव्वद जणांच्या शरीराने जंतूला नेमके कशाच्या बळावर रोखले? हे पूर्णपणे उलगडले, तर प्रभावी लस कशी असावी हेही कळेल. त्यासाठी केवळ रुग्णांना तपासून भागत नाही. एचआयव्ही असलेले व नसलेले, सुप्त संसर्ग असलेले व नसलेले, अशा सर्व गटांतील माणसांचे रक्त ठरावीक कालांतराने तपासून त्यांची तुलना करावी लागते. ज्याप्रमाणे मागील वर्षाच्या आकड्यांवाचून यंदाच्या ताळेबंदाचा अर्थ लागत नाही, त्याप्रमाणे तुलनेचा गट नसेल तर रुग्णाच्या रक्तातील आकड्यांचाही अर्थ लागत नाही.

पुण्यात झालेले काम

अशा प्रकारचे महत्त्वाचे काम आपल्याच राज्यात झाले आहे. पुण्याचे ससून रुग्णालय डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये उभे राहिले. त्याला संलग्न असलेल्या बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने एचआयव्ही व क्षयरोग यांवर दीर्घकाळ संशोधन केले आहे.

२००२ ते २००५ या काळात तेथे एचआयव्हीबाधित मातांचा प्रसूतीनंतर पाठपुरावा करण्यात आला. ७१५ मातांपैकी २४ जणींना त्या काळात क्षयरोग झाला. ज्या मातांना तो झाला, त्यांच्या आणि त्यांच्या तान्ह्या बाळांच्याही मृत्यूची शक्यता लक्षणीय वाढल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले.

प्रसूतीनंतरचाच काळ धोक्याचा का ठरावा? गर्भ हा मातेच्या शरीराच्या दृष्टीने काही अंशी परका असतो. त्याला सांभाळून घेण्यासाठी गरोदरपणात मातेच्या प्रतिकारशक्तीत काही बदल होतात आणि बाळंतपणानंतर ती पुन्हा मूळ पदावर येऊ लागते. या उलथापालथीत सुप्त क्षयसंसर्गाचे काय होते, हे तपासणे आवश्यक होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुण्यातील एका अभ्यासात ४०१ गर्भवती स्त्रियांची दोन्ही प्रचलित चाचण्यांनी तपासणी झाली. रक्ताच्या 'इग्रा' चाचणीने ३७ टक्के स्त्रियांमध्ये संसर्ग दाखवला, तर हातावर टोचून करावयाच्या मांटू चाचणीने केवळ १४ टक्क्यांमध्ये. काही स्त्रियांचा पुढे पाठपुरावा केला असता रक्तातील इंटरफेरॉन गॅमाचा प्रतिसाद प्रसूतीच्या वेळी सर्वांत क्षीण असून नंतर तो वाढत असल्याचे आढळले. या चाचण्या जंतूला पाहत नाहीत, तर शरीराचा प्रतिसाद मोजतात. प्रतिसादच मंदावला असेल, तर चाचणी 'निर्दोष' म्हणते आणि संसर्ग तसाच राहतो.

यातूनच पुढे 'प्रचिती' या नावाचा अभ्यास उभा राहिला. एचआयव्ही असलेल्या व नसलेल्या गर्भवतींची क्षयरोगाविरुद्धची प्रतिकारशक्ती गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर कशी बदलते, हा त्याचा विषय. त्यासाठीचा मोठा निधी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी, म्हणजे एनआयएचने दिला. असा निधी कशावर खर्च होतो, हेही देणगीदारांनी जाणून घ्यावे. रक्तातील पेशी वेगळ्या काढून अतिशीत तापमानात वर्षानुवर्षे जतन कराव्या लागतात. त्यासाठी शीतपेट्या, अखंड वीज आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतात. स्त्री माहेरी गेली, पत्ता बदलला, तरी तिच्याशी संपर्क ठेवणारे समुपदेशक व समाजसेवक लागतात. संशोधनाच्या या बाजूचा खर्च थांबला, तर आधीच्या सर्व वर्षांचा खर्चही वाया जातो.

'नको' या उत्तराचे मोल

संशोधनातून नवे औषधच निघाले पाहिजे, असे नाही. एचआयव्हीबाधितांना क्षयरोग होऊ नये म्हणून आयसोनियाझिड हे औषध देतात. ते गरोदरपणात द्यावे की बाळंतपणानंतर, याचा अभ्यास भारतासह आठ देशांतील ९५६ एचआयव्हीबाधित स्त्रियांमध्ये झाला आणि २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांत प्रत्येकी तीन स्त्रियांनाच क्षयरोग झाला. मात्र गर्भपात, मृतजन्म, अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे मूल यांसारखे अनिष्ट परिणाम गरोदरपणात औषध घेणाऱ्या गटात २३.६ टक्के, तर नंतर घेणाऱ्या गटात १७ टक्के आढळले. त्या स्त्रिया एचआयव्हीवरील उपचार घेत होत्या, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. सद्हेतूने दिलेले औषध केव्हा द्यावे, याचाही पुरावा लागतो आणि तो पुरावा पैसा व परिश्रम यांवाचून मिळत नाही.

पैसा कोण देतो?

२०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या उच्चस्तरीय बैठकीत क्षयरोग संशोधनासाठी दरवर्षी २०० कोटी डॉलर उभे करण्याचे ठरले होते. २०२२ मध्ये प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास, सुमारे १०० कोटी डॉलर खर्च झाले. २०२३ च्या बैठकीत २०२७ पर्यंत वार्षिक ५०० कोटी डॉलरचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. उद्दिष्ट आणि जमा यांतील ही तफावत कोणत्याही कोषाध्यक्षाला अस्वस्थ करील.

त्याहून चिंतेची बाब म्हणजे या निधीचा फार मोठा भाग मोजक्याच हातांतून येत आला आहे. त्यांत अमेरिकेचे सरकार सर्वांत मोठे. १ मे २०२५ रोजी एनआयएचने परदेशी संस्थांना उपअनुदान देण्याची प्रचलित पद्धत नवी व्यवस्था होईपर्यंत थांबवत असल्याचे जाहीर केले, तर १ जुलै २०२५ रोजी यूएसएड या संस्थेचे स्वतंत्र कामकाज संपुष्टात आले. एकाच मोठ्या देणगीदारावर विसंबून राहिल्यास काय होते, हे धर्मादाय संस्थांना वेगळे सांगावयास नको.

भारतीय पैशातूनही काम होत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. २०१३ मध्ये केंद्र शासनाचा जैवतंत्रज्ञान विभाग व एनआयएच यांनी मिळून 'रिपोर्ट इंडिया' हा क्षयरोग संशोधनाचा संयुक्त उपक्रम सुरू केला आणि पुण्याचे केंद्र त्यात सहभागी झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ मध्ये क्षयरुग्णांच्या घरातील १२ हजार व्यक्तींवर दोन लशींची चाचणी सुरू केली. त्यांतील एक लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. जगातही 'एम-७२' या लशीची मोठी चाचणी मार्च २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली असून तिच्यात एचआयव्हीबाधितांचाही समावेश आहे. गेट्स फाउंडेशन व वेलकम या दोन धर्मादाय संस्थांनी मिळून तिला सुमारे ५५ कोटी डॉलर देऊ केले. प्रौढांना फुप्फुसाच्या क्षयापासून भरवशाचे संरक्षण देणारी लस आजवर आपल्याकडे नाही. १९२१ पासून वापरात असलेली बीसीजी प्रामुख्याने लहान बालकांना गंभीर क्षयापासून वाचवते.

शिधा आणि प्रतिकारशक्ती

प्रतिकारशक्तीचे सर्वच संशोधन प्रयोगशाळेत होते असे नाही. झारखंडमध्ये २,८०० क्षयरुग्णांच्या घरांतील १० हजारांहून अधिक व्यक्तींचा अभ्यास झाला. काही गावांतील कुटुंबीयांना दरमहा शिधा देण्यात आला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शिधा मिळालेल्या कुटुंबांत क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, तर संसर्गजन्य फुप्फुसक्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी आढळले. धान्य व डाळ यांचे मोल आपल्या समाजाला पूर्वीपासून ठाऊक होते. मात्र किती धान्याने किती रोग टळतो, हा आकडा संशोधनाने दिला. निक्षय पोषण योजनेतील रुग्णांचे मासिक साहाय्य १ नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाले आहे. रुग्णांना व त्यांच्या कुटुंबांना पोषणाचा आधार देऊ इच्छिणाऱ्यांसाठी २०२२ पासून 'निक्षय मित्र' ही शासकीय व्यवस्थाही सुरू आहे.

आपला वाटा

आपल्यासारख्या रुग्णालयाने पेशींवर संशोधन करावे, असे सुचविण्याचा हेतू नाही. तेवढी साधने आपल्यापाशी नाहीत. परंतु संशोधनाचे निष्कर्ष रुग्णापर्यंत पोहोचविणे आणि आपल्या नोंदी विश्वासार्ह ठेवणे, ही दोन कामे निश्चितच आपली आहेत. प्रत्येक क्षयरुग्णाची एचआयव्ही चाचणी, एचआयव्हीबाधिताची प्रत्येक भेटीत खोकला, ताप, वजनातील घट व रात्रीचा घाम यांविषयी विचारपूस, घरातील इतरांची तपासणी आणि बाळंतपणानंतर वर्षभर पाठपुरावा, यांसाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. त्यासाठी एक कार्यकर्ता, प्रवासखर्च आणि नीट ठेवलेली नोंदवही लागते. या कामाकरिता न्यासाने स्वतंत्र 'क्षयरोग पाठपुरावा निधी' निर्माण करावा, त्याचा हिशेब वेगळा ठेवून दरवर्षी या अहवालात प्रसिद्ध करावा, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळाच्या विचारार्थ नम्रपणे ठेवीत आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांस एक आश्वासन देणे आवश्यक वाटते. लेखी संमतीवाचून कोणालाही संशोधनात सामील करून घेता येत नाही, आणि नकार दिल्याने उपचार थांबत नाहीत. सप्टेंबर २०१८ पासून अमलात असलेल्या कायद्यानुसार रुग्णाच्या एचआयव्हीविषयक माहितीची गुप्तता राखणे बंधनकारक आहे. परदेशी साहाय्याने होणाऱ्या आरोग्य संशोधनास नीतिविषयक समितीबरोबरच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही मान्यता लागते.

वाणिज्याच्या परिभाषेत सांगावयाचे तर औषधावरील खर्च हा महसुली खर्च आहे आणि संशोधनावरील खर्च भांडवली. पहिल्यावाचून आजचा रुग्ण जगत नाही, दुसऱ्यावाचून उद्याचे रुग्ण कमी होत नाहीत. दात्यांनी पहिल्यासाठी आजवर सढळ हाताने साहाय्य केले, याबद्दल संस्था त्यांची ऋणी आहे. यापुढे देणगी देताना तिचा लहानसा अंश या दुसऱ्या कामासाठीही राखून ठेवावा, ही सर्वांस विनंती.